प्रभाग, वॉर्ड आणि आपला गावभाग

सांगलीत कुणालाही पत्ता विचारा, गावभाग, खणभाग, वखारभाग, विश्रामबाग असंच सांगणार, प्रभागाचा नंबर कुणी सांगत नाही. पण गटार तुंबलं की पहिला प्रश्न येतो, प्रभाग कितवा? तिथं माणूस अडकतो, म्हणून हे सगळं आलं कुठनं ते लिहितोय.

आपल्याकडं शहराची जुनी वाटणी पेठेची. साताऱ्याचंच घ्या, 1708 ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला शहर वाढत गेलं, सोमवार, मंगळवार, शनिवार अशा वारांच्या पेठा झाल्या, पुढं प्रतापसिंह महाराजांच्या नावानं प्रतापगंज पेठ. पेठ म्हणजे नुसती वस्ती नव्हे हं. ती वसवायची तर व्यापाऱ्यांना काही वर्षं जकातीत सूट द्यायची, शेटे-महाजन नेमायचे आणि बाजाराची व्यवस्था, वजनं-मापं, व्यापाऱ्यांचे तंटे हे त्यांनी बघायचं. आजच्या वॉर्ड ऑफिसची निम्मी कामं हीच की! सांगलीला 1801 च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन राजधानी केली, इथं पेठेबरोबर 'भाग' हा शब्दही रुळला.

वॉर्ड हा शब्द इंग्रजांचा, मुंबईत ए, बी, सी अशी अक्षरंच दिली. पॅरिसमध्ये 1795 ला 12 विभाग होते, 1860 ला आजूबाजूची गावं शहरात घेतली आणि नव्यानं 20 पाडले. हद्द वाढली की वाटणी बदलते, हे सगळीकडं सारखंच.

आपल्याकडचा मोठा बदल 74 व्या घटनादुरुस्तीचा, 1 जून 1993 पासून लागू. 3 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या पाहिजेत असं त्यात आलं. मग 9 फेब्रुवारी 1998 ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून एक महापालिका झाली आणि गोंधळ इथनंच सुरू होतो, कारण निवडणुकीचा प्रभाग वेगळा आणि कामकाजाची प्रभाग समिती वेगळी. 2018 च्या निवडणुकीत प्रभाग 20 आणि नगरसेवक 78, म्हणजे एका प्रभागात चार, काही ठिकाणी तीन. प्रभाग समित्या मात्र चारच, एकेकीखाली बरेच प्रभाग. निवडणुकीचे प्रभाग लोकसंख्येच्या आकड्यावर नव्यानं आखले जातात, त्यामुळं गल्ली तीच राहते आणि नंबर बदलतो. माझं स्पष्ट मत आहे, एका वॉर्डाला एक नगरसेवक असला की कुणाला धरायचं ते कळतं, चार असले की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

2019 च्या महापुरात तर प्रभाग नंबर कुणाच्या तोंडातच नव्हता. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं आणि दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉटमध्ये कुठपर्यंत आलं, लोक हेच विचारत होते.