महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

महाराष्ट्र शासनाची रोकडविरहित आरोग्यसंरक्षण योजना. ठरवून दिलेल्या आजारांसाठी अंगीकृत (योजनेशी करार केलेल्या) रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च या योजनेतून रुग्णालयाला परस्पर मिळतो. रुग्णाच्या हातात पैसे येत नाहीत व त्याने ते भरायचेही नसतात. २ जुलै २०१२ रोजी ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ या नावाने ती सुरू झाली. सध्याचे नाव १ एप्रिल २०१७ पासून. ‘जोतिराव’ व ‘ज्योतिराव’ ही दोन्ही रूपे छापील साहित्यात आढळतात. योजनेचा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे आहे.

उगम : योजनेचा उगम दोन ठिकाणी दाखवला जातो. पहिल्या मताप्रमाणे ती १९९७ च्या जीवनदायी आरोग्य योजनेचे विस्तारित रूप आहे. त्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी अर्थसाहाय्य मिळे. ‘जीवनदायी’ हा शब्द तिथूनच आला आणि अजूनही खेड्यापाड्यांत ‘जीवनदायीत बसतंय का?’ असेच विचारले जाते. दुसऱ्या मताप्रमाणे खरा नमुना आंध्र प्रदेशाच्या २००७ मधील आरोग्यश्री योजनेचा. आतली रचना पाहता हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. जुन्या योजनेत प्रकरणागणिक अर्ज व मंजुरी होती. उपचारवार बांधील दरांची पॅकेजे, अंगीकृत रुग्णालयांचे जाळे, संगणकावरची पूर्वमान्यता आणि मदतकक्षावर बसणारा ‘आरोग्यमित्र’ या चारही गोष्टी आरोग्यश्रीत आधीपासून होत्या, पदनामसुद्धा तेच. तेव्हा नाव जुन्या घरचे, चौकट शेजारची, असे म्हणता येईल. केंद्राची २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनाही काही वेळा पूर्वसूरी म्हणून सांगितली जाते. पण तिची मर्यादा पाच जणांच्या कुटुंबाला ३०,००० रुपये होती व तिचा भर साध्या दाखल-उपचारांवर होता, त्यामुळे हा संबंध दूरचाच ठरतो.

पहिल्या टप्प्यात गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर हे आठ जिल्हे होते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना राज्यभर लागू झाली. संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख. उपचारांची मूळ संख्या कुठे ९७१, तर कुठे ९७२ दिली जाते. त्यांखेरीज उपचारानंतरच्या देखरेखीची १२१ पाठपुरावा पॅकेजे होती. संरक्षणाच्या रकमेची मर्यादा माणशी नसून अख्ख्या कुटुंबाची असते. आजोबांच्या बायपासला लागलेली रक्कम त्याच विमावर्षात नातवाच्या वाट्यातून वजा होते. विमावर्ष पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात, जानेवारीपासून नव्हे. हे लक्षात न घेतल्याने शिल्लक चुकते.

पात्रता व शिधापत्रिकेचा रंग : गरीब कोण हे योजनेने स्वतः तपासले नाही, पुरवठा खात्याने १९९९ पासून दिलेल्या तिरंगी शिधापत्रिकांचा रंग तिने मानला. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास शुभ्र. पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा व केशरी कार्डे आत, शुभ्र बाहेर. पुढे औरंगाबाद व अमरावती विभागांतील सर्व जिल्हे व वर्धा, अशा १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्याच्या आधारे प्रवेश मिळाला. आश्रमशाळांतील विद्यार्थी, अनाथालये व वृद्धाश्रमांतील रहिवासी, नोंदणीकृत बांधकाम कामगार आदी गटही टप्प्याटप्प्याने जोडले गेले. उत्पन्न घटूनही वर्षानुवर्षे शुभ्र कार्डच राहिलेली कुटुंबे या पद्धतीत कोरडी राहिली, तर केशरी कार्ड बदलून न घेतलेली सुस्थितीतील कुटुंबे आत राहिली.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली आणि गुंता वाढला. तिचे संरक्षण पाच लाखांचे. पात्रता मात्र २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतील नोंदींवर. ग्रामीण भागात कच्च्या भिंती-छपराची एकच खोली, घरात १६ ते ५९ वयाचा प्रौढ नसणे, भूमिहीन मजुरी असे वंचिततेचे निकष, तर शहरी भागात व्यवसायाचे ११ गट. महाराष्ट्रात सुमारे ८३ लाख कुटुंबे या यादीत आली. परिणामी एकाच वस्तीत, एकाच पिवळ्या रंगाच्या कार्डावर एका घराला पाच लाख आणि शेजारच्या घराला दीड लाख अशी स्थिती निर्माण झाली. लग्न वा जन्माने वाढलेला सदस्य यादीतल्या कुटुंबात जोडता येत असे; गणनेत सुटलेले कुटुंब मात्र सुटलेलेच. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्रित राबवल्या जाऊ लागल्या, तरी मर्यादा व यादी वेगळीच राहिली : राज्याच्या योजनेत ९९६ उपचार, केंद्राच्या योजनेत १,२०९. करोनाकाळात, २३ मे २०२० च्या निर्णयाने, शुभ्र कार्डधारकांनाही तात्पुरता लाभ मिळाला.

ही दुहेरी स्थिती मिटवणारा शासन निर्णय २८ जुलै २०२३ चा. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक, तसेच शिधापत्रिका नसल्यास अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबे पात्र ठरली. मर्यादा सर्वांना पाच लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची साडेचार लाख. मागणी नसलेले १८१ उपचार काढून ३२८ नवे घातले गेले, म्हणजे निव्वळ वाढ १४७ ची. जुन्या १,२०९ मध्ये ती मिळवून दोन्ही योजनांची यादी १,३५६ वर आली. ‘३२८ उपचार वाढले’ असे विधान आढळते, ते या वजाबाकीकडे दुर्लक्ष करते. रस्ते अपघातातील जखमींसाठीची योजना याच निर्णयाने सामावून घेतली गेली. तिची मर्यादा ३०,००० वरून एक लाख झाली.

हप्ता व दायित्व : शासन विमा कंपनीला कुटुंबामागे हप्ता देत आले. आरंभी तो वर्षाला ३३३ रुपये होता, २०२० च्या करारात ७९७ रुपये. एकत्रित योजनेत दीड लाखांपर्यंतचा भार विमा कंपनीवर व त्यापुढे पाच लाखांपर्यंतचा सोसायटीवर, अशी मिश्र पद्धत होती. केंद्राच्या यादीतील कुटुंबांच्या खर्चात केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असतो. यादीबाहेरील कुटुंबांचा सगळा भार राज्यावर पडतो.

कार्यपद्धती : रुग्णाने प्रथम आरोग्यमित्राच्या कक्षात शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र देऊन नोंदणी करायची. निदान झाल्यावर रुग्णालय पॅकेजचा संकेतांक निवडून तपासण्यांचे अहवाल व छायाचित्रांसह पूर्वमान्यता मागते. तिचा निर्णय २४ तासांत अपेक्षित असतो. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात, कागदपत्रे मागाहून. पॅकेजच्या दरात खाट, शुश्रूषा, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, रोपण-साहित्य, जेवण, परतीचे एकवेळचे भाडे आणि घरी सोडल्यानंतरची दहा दिवसांची औषधे धरलेली असतात. रुग्णालयाचा दावा १५ कामकाजी दिवसांत चुकता करण्याची तरतूद आहे. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत : अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा बसावा, शिवाय दाव्यांचे उत्पन्न सार्वजनिक रुग्णालयांकडे वळावे.

प्रकरण अडते ते बहुधा मान्यतेआधीच. शिधापत्रिकेवर माहेरचे नाव व आधारवर सासरचे, ऑनलाइन झालेले नसलेले कार्ड, कार्डावर न चढलेले तान्हे बाळ (त्यासाठी जन्मदाखला व पालकांचे कार्ड लागते) ही नेहमीची कारणे. दुसरा घोळ वेळेचा. नातेवाईक घाईत रोख अनामत भरून रुग्ण दाखल करतात आणि दोन दिवसांनी योजनेची चौकशी करतात. योजना परताव्याची नसल्याने भरलेले पैसे तिच्यातून मिळत नाहीत. तिसरा विशेषज्ञतेचा. रुग्णालय अंगीकृत असले तरी ते सर्वच विशेषज्ञतांसाठी अंगीकृत असेल असे नाही. हृदयरोगासाठी निवडलेल्या रुग्णालयात हाडाची शस्त्रक्रिया योजनेत होईलच असे गृहीत धरता येत नाही. एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया झाल्यास आयुष्मान भारतच्या नियमाप्रमाणे सर्वांत महागड्या पॅकेजचे पूर्ण, दुसऱ्याचे निम्मे व तिसऱ्याचे पाव दाम मिळते; बहुआघाताच्या (एकाच वेळी अनेक ठिकाणी गंभीर इजा झालेल्या) रुग्णाला पुढे पाठवण्याकडे रुग्णालयांचा कल का असतो, याचे एक कारण इथे सापडते. ‘हे औषध योजनेत येत नाही, बाहेरून आणा’ असे सांगितले गेल्यास तक्रार आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर करता येते. चिठ्ठी व पावती जपून ठेवली नसेल तर ती तक्रार टिकत नाही.

मर्यादा : पात्रता सार्वत्रिक झाली तरी आच्छादन यादीपुरतेच आहे. बाह्यरुग्ण उपचार, मधुमेह-रक्तदाबाची महिन्याची औषधे, दाखल न होता केलेल्या तपासण्या व बुडालेली मजुरी यांना संरक्षण नाही. डायलिसिसचा खर्च निघतो, पण मूत्रपिंड निकामी होण्याआधीची काही वर्षे गोळ्यांचा खर्च रुग्ण स्वतःच करतो.

ही योजना व धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा यांत गल्लत केली जाते. राखीव खाटांची सोय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आहे : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तिथे उत्पन्नाचा दाखला पाहतात व आजारांची यादी नसते. म्हणून योजनेच्या यादीत न बसणाऱ्या गरीब रुग्णाने अशा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाकडे चौकशी करावी.