क्वीअरबेटिंग

क्वीअरबेटिंग : एकाच लिंगाच्या दोन पात्रांत प्रेम असल्याचे संकेत पेरून क्वीअर (समलिंगी, उभयलिंगी आकर्षण असलेल्या इत्यादी) प्रेक्षकांना मालिकेशी बांधून ठेवायचे आणि ते नाते पडद्यावर मात्र कधीच मान्य करायचे नाही, या पद्धतीला चाहत्यांनी दिलेले नाव. संज्ञा आरोपवाचक आहे.

या शब्दाचा जुना वापर वेगळा होता. १९८१ मध्ये लॉरेन्स गोल्डिन यांनी अमेरिकी अपील न्यायालयांच्या निकालपत्रांतील समलिंगी व्यक्तींविषयीच्या अनावश्यक शेरेबाजीला तो लावला. चाहत्यांचा अर्थ साधारणतः २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रुळला असावा. तो जुन्या अर्थातूनच निघाला, असे मानण्यास भक्कम आधार दिसत नाही. प्रथा स्वतः शब्दापेक्षा जुनी आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ या काळात निर्मितीसंहितेमुळे (चित्रपटात काय दाखवता येईल याचे नियम) सूचकता हाच एक मार्ग उरला होता. ‘झीना’ (१९९५–२००१) या मालिकेतील आडसंकेतांचे तर अनेक लेस्बियन प्रेक्षकांनी मनापासून स्वागत केले.

तेच संकेत पुढे फसवणूक का ठरले, हा वादाचा गाभा आहे. अभ्यासक ज्यूडिथ फतल्ला (२०१५) यांच्या व्याख्येत दोन पायऱ्या आहेत : आधी सूचक विनोद, हावभाव, प्रतीके, नंतर ती शक्यता ठासून नाकारणे, हसण्यावारी नेणे. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ला (२०१०–२०१७) ही व्याख्या नेमकी बसते. तेथे इतर पात्रे शेरलॉक आणि जॉनला वारंवार जोडपे समजतात, जॉन दरवेळी ते खोडून काढतो आणि विनोद तेवढ्यावरच संपतो. जोसेफ ब्रेनन (२०१८) यांना मात्र प्रेक्षक केवळ फसवला जातो हे मान्य नाही. संदिग्धतेतून चाहत्यांना कल्पनेचा खेळ मिळतो, याकडे ते लक्ष वेधतात. ईव्ह इंग (२०१७) पटकथेइतकेच जाहिराती, मुलाखती आणि समाजमाध्यमांवरील विधाने यांना महत्त्व देतात. उघड चित्रण शक्य असलेल्या काळात ते टाळले गेले का, हेही त्या पाहतात. निर्मात्याच्या मनातला हेतू सिद्ध करता येत नाही, प्रसिद्धीसाहित्य मात्र तारखेनिशी तपासता येते; म्हणून ही कसोटी अधिक उपयोगी वाटते.

आरोप तपासताना प्रत्यक्ष प्रसंग, वाहिनीची प्रसिद्धी, निर्मात्यांची विधाने आणि कथेचा शेवट या चार गोष्टी काळाच्या क्रमाने शेजारी ठेवाव्या लागतात. ‘रिझोली अँड आइल्स’मध्ये (२०१०–२०१६) प्रसिद्धीतून दोन नायिकांची जवळीक पुढे केली जाई, कथेत मात्र दोघींचे जोडीदार पुरुषच असत. ‘द हंड्रेड’मध्ये लेक्सा आणि क्लार्क या दोन स्त्रियांचे प्रेम उघडच दाखवले होते; तरी ३ मार्च २०१६ च्या भागात लेक्साचा मृत्यू झाला तेव्हा हाच आरोप झाला, कारण ती टिकेल असा विश्वास चाहत्यांना आधी देण्यात आला होता. काहींच्या मते हे प्रकरण समलिंगी पात्रांना मारून टाकण्याच्या रूढ प्रघातात मोडते. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘सुपरनॅचरल’मध्ये कॅस्टिएल हे पात्र डीन या नायकाजवळ प्रेमाची कबुली देते ती थेट पंधराव्या पर्वात, ५ नोव्हेंबर २०२० च्या भागात, आणि लगेच नाहीसे होते, डीनचे उत्तर येतच नाही.

नेहमीची चूक म्हणजे आपल्या आवडीची जोडी जुळली नाही, एवढ्यावरून आरोप करणे. संकेत फक्त प्रेक्षकाच्या वाचनात असतील आणि प्रसिद्धीने त्यांना हात लावला नसेल, तर दावा कमकुवत राहतो. चालू मालिकेबाबत निष्कर्ष घाईचा ठरतो, कारण नकाराची पायरी अजून यायची असते.

याहून गंभीर चूक म्हणजे पात्रांसाठीची संज्ञा हाडामांसाच्या माणसांना लावणे. ‘हार्टस्टॉपर’ या मालिकेतील किट कॉनर या अठरा वर्षांच्या अभिनेत्याने अशाच आरोपांच्या दबावाखाली ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस आपण उभयलिंगी आकर्षण असलेले आहोत हे जाहीर केले. कलावंतावर स्वतःची लैंगिकता उघड करण्याची सक्ती कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

चीनमधील ‘द अनटेम्ड’सारख्या (२०१९) मालिकांना ही संज्ञा जपून लावावी. मूळ कादंबरीतील दोन पुरुषांचे प्रेम तेथे सेन्सॉरच्या बंधनांमुळे मैत्रीच्या रूपात आले.