दोनशे चौदा कोटींच्या घरातील एक मूळ संख्या

2 च्या 31 व्या घातातून 1 वजा केला की 2,14,74,83,647 ही संख्या मिळते. ती मूळ आहे, म्हणजे 1 आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, हे लिओनार्ड ऑयलर यांनी 1772 मध्ये दाखवून दिले. तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

मूळ संख्या ओळखण्याची शाळेतली रीत अशी, की वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे. येथे वर्गमूळ 46,340 च्या किंचित पुढे असल्याने भागाकार साडेचार हजारांवर जातात. ऑयलर यांनी हे कष्ट ज्या विचाराने कमी केले, तो मला या संख्येपेक्षाही मोलाचा वाटतो.

समजा, ‘क’ ही मूळ संख्या तिला भागते. मग 2 च्या 31 व्या घाताला ‘क’ने भागल्यास बाकी 1 उरते. 2 च्या वाढत्या घातांच्या बाक्या चक्राकार फिरतात, आणि 31 मूळ असल्यामुळे हे चक्र नेमके 31 पायऱ्यांचेच असावे लागते. फर्माच्या सिद्धांतानुसार 2 च्या (क − 1) व्या घाताची बाकीही 1 येते. म्हणून (क − 1) ला 31 ने, आणि ‘क’ विषम असल्याने 62 ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय ‘क’ला 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च उरते, असेही सिद्ध करता येते. दोन्ही अटी एकत्र केल्या, की 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी उरणारे 373 उमेदवारच शिल्लक राहतात, आणि त्यांतीलही फक्त मूळ संख्या तपासायच्या असतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घटून यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या आठवीत पंचवीसच मुले उरली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त पंधरा भागाकार येतील. त्यासाठी वीज लागत नाही, संगणकही लागत नाही. आधी 2 च्या 11 व्या घातातून 1 वजा करून मिळणारी 2,047 ही संख्या घ्यावी. तेथे विभाजकाला 22 ने भागल्यावर 1 उरायला हवा, आणि पहिलाच उमेदवार 23 लागू पडतो: 23 × 89. घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळ असतेच असे नाही, हे मुलांना तेथेच कळते.

एदुआर ल्युका आणि डेरिक लेमर यांची कसोटी याहूनही थोडक्यात उरकते. 4 पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, 2 वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची; घातांकापेक्षा 2 ने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी 0 आली, की संख्या मूळ. 127 साठी, म्हणजे घातांक 7 असताना, 14, 67, 42, 111 आणि पाचव्या पायरीला 0 येते, म्हणून 127 मूळ. ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली 4,10,24,320 अंकांची मूळ संख्याही याच कसोटीने पक्की झाली. आपल्या संख्येला मात्र 29 पायऱ्या पुरतात.