ओलीच्या मागे मागे: इनामगाव ते ठिबक

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर शिरूर येतं, आणि तिथे तो पाचशेच्या आसपास उरतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शेती कशी बदलत गेली हे पाहायचं, तर अवजारांची यादी करण्यापेक्षा जमिनीतली ओल कुणी कशी धरली ते बघावं.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली; सोबत जव, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळून कोळसा झालेले दाणे, आणि पाण्यासाठी केलेल्या पाटाचे व बांधाचे अवशेषही. मुख्य पीक जवाचं. गव्हापेक्षा कमी पाण्यावर येणारं हे रब्बी पीक, त्यामुळे निवड शहाणपणाची होती. तरी शेवटच्या काही शतकांत वस्ती खालावली. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडं होत गेलं, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

हा जव इथला नव्हे, पश्चिम आशियातला. रानटी जवाची ओंबी पिकली की तिचा कणा सांध्यासांध्याला तुटतो आणि दाणे मातीत विखुरतात. रोपाच्या दृष्टीने हे उत्तमच. कापणी करणाऱ्याच्या हाती मात्र रिकामी काडी. शेजारीशेजारी असलेल्या दोन जनुकांपैकी एक जरी निकामी झालं, तरी कणा तुटत नाही. रानात असं रोप टिकलं नसतं. माणूस मात्र विळ्याने कापून नेमक्या याच ओंब्या घरी आणत होता आणि त्यांतलंच बी पुढच्या वर्षी पेरत होता. दहा हजार वर्षांपूर्वीच्या आसपास, फारसं न कळता झालेली ही निवड म्हणजे शेतीचा खरा आरंभ. नांगर त्यानंतरचा.

दख्खनी शेतकऱ्याच्या अवजारांत सगळ्यात हुशार कुठलं विचाराल, तर आमचं मत तिफणीला. मुठीने बी फेकलं तर काही दाणे वरच राहून पाखरांच्या तोंडी जातात, काही फार खोल जातात. तिफणीत लाकडी दिंडाला तीन फण असतात. प्रत्येक फणामागे एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्यांच्या माथ्यावर तीन भोकांचं चाडं. मागून चालणारी बाई चाड्यावर मूठ धरून बी सोडते. तिची बोटं सारख्या गतीने चालली तरच तिन्ही ओळी सारख्या उगवतात. रब्बी ज्वारीसाठी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, पेरणी पाच सेंटिमीटर खोल, म्हणजे वरचा सुकलेला थर ओलांडून ओलीत. एकरी चार किलो बी. हजार दाणे ३३-३४ ग्रॅम भरतात, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार दाणे झाले. दोन रोपांत १५ सेंटिमीटर धरले तर एकरात रोपं हवीत साठ हजार. उरलेले निम्मे दाणे किडीसाठी, न उगवणाऱ्यांसाठी आणि विरळणीसाठी.

चुकतं कुठे? वाफसा (माती ना चिकट ना कोरडी, अशी पेरणीजोगी ओल) यायच्या आधी घाई केली की काळी माती फणाला चिकटते, नळीचं तोंड बुजतं आणि दाणे आतच अडकतात. हे तेव्हा कळत नाही. आठवड्याने एक ओळच्या ओळ रिकामी दिसते आणि मग नांग्या भरत, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोचत बसावं लागतं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातही नळी बुजते ती याच कारणाने. फक्त मागे चालणारं कुणी नसल्याने ते आणखी उशिरा लक्षात येतं.

पेरल्यावर ओल राखायचं काम कोळप्याचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधून ओढून तण काढणाऱ्या आणि माती हलवणाऱ्या अवजाराचं. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात अखंड पासेचं (पास म्हणजे त्याचं लोखंडी पातं), आठव्यात दातेरी. तोवर काळ्या रानाला भेगा पडू लागलेल्या असतात आणि त्यांतून खोलवरची ओल उडते. दातेरी कोळपं त्या भेगा मातीने बुजवतं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते एवढ्यासाठी.

१८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीकडे आलं आणि गणित उलटं झालं. आता ओल जास्त झाली. उसाला सोडलेलं पाणी भारी जमिनीत खाली मुरलं, पण त्याला बाहेर जायला वाट नव्हती. भूजल वर चढत जमिनीखाली दीड-दोन मीटरवर आलं, की काळ्या मातीची बारीक छिद्रं दिव्याच्या वातीसारखी ते वर ओढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रान पांढरं फुलतं ते असं. याला चुना-जिप्सम नव्हे, आधी निचरा लागतो: चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप. चुना तर इथल्या मातीत मुळातच भरपूर असतो, तो घालूच नये. जिप्समचा उपयोग सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीत, तोही माती तपासून; नुसत्या खारवट रानात ते टाकून पैसे जातात.

निचऱ्याचं पाणी मात्र शेजाऱ्याच्या बांधातून न्यावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. शेतं जितकी लहान, तितके शेजारी जास्त. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरच्या शेतीचा बारकाईने अभ्यास केला होता. तिथलं सरासरी खातं, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, १७७१ मध्ये चाळीस एकरांचं होतं, १९१४-१५ मध्ये सातवर आलं. (आज तिथे चौरस फुटांत मोजतात.)

संकरित बियाण्याने उत्पादन वाढवलं यात वाद नाही. पण १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी ओलीच्याच बाबतीत फसली. जुनी उंच खरीप ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर फुलायची, त्यामुळे दाणा पाऊस सरल्यावर भरायचा. संकरित ज्वारी साधारण शंभर दिवसांत, भर पावसात पिकली. कणसावर बुरशी चढली, दाणा काळा पडला, भाव पडला. पुणेकर भाकरीसाठी अजून मालदांडीच मागतो, ती रब्बीची.

उसात आता दोन डोळ्यांच्या (डोळा म्हणजे पेरावरचा कोंब) एकरी दहा हजार टिपऱ्यांऐवजी, म्हणजे उसाच्या तुकड्यांऐवजी, एक डोळा रोपं लावतात. पाच बाय दोन फुटांवर एकरी ४,३५६ रोपं बसतात. कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये महिनाभर वाढवलेली रोपं न्यावीत. फार दिवस ट्रेमध्ये राहिली तर मुळं कपातच गोल फिरतात आणि रानात पसरत नाहीत. खोडाशी ठिबकची नळी येते. विहिरीचं पाणी जड (क्षारांचं) असेल तर ड्रीपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या छिद्राच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, तो आम्ल सोडून काढावा लागतो.

जो थर तोंडाशी दिसतो, तसेच क्षार मातीतही असतात. ठिबकखालच्या ओल्या गोळ्याच्या कडेला ते गोलाकार साचतात आणि मुळं मधे सुरक्षित राहतात. वळवाची हलकी सर आली की हे कडेचे क्षार विरघळून थेट मुळांकडे येतात. म्हणून खाऱ्या पाण्याच्या रानात असा पाऊस सुरू झाला, तर ठिबक बंद करायचं नाही. पाऊस चांगला जोर धरून क्षार खाली धुऊन नेईपर्यंत ते चालूच ठेवायचं.