साथीची भीती आणि कोकणी हसू: संकासुरापासून स्किटपर्यंत

मे 2020 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईत नोकरी करणारे कोकणी चाकरमानी ई-पास घेऊन कोकणात उतरू लागले, तेव्हा गावागावांत एकच घोर होता: यांना घरात घ्यायचं की शाळेत ठेवायचं? गणपतीच्या तोंडावर विलगीकरण चौदा दिवसांचं की दहा, यावरून पुन्हा वाद पेटला. जूननंतर चित्रीकरणाला परवानगी मिळाली आणि मास्क, सॅनिटायझर, विलगीकरण हे विनोदी कार्यक्रमांच्या स्किटमध्ये आले.

ही भीती मात्र जुनी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही माणसं शहर सोडून जथ्याजथ्याने गावी पळाली, त्यात कोकणचे गिरणी कामगार होते. 1897 चा साथरोग कायदा त्याच प्लेगपायी आला, आणि मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने लागू केला तोही हाच कायदा. गावी आलेला आपलाच माणूस रोग घेऊन आला असेल, हा संशय कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे.

त्यावर हसायची रीतही इथलीच. दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रेत रात्री रंगणाऱ्या लोकनाट्यात, लिखित संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात. आख्यानाआधी, म्हणजे मुख्य कथेआधी, संकासूर येतो: अंगभर काळा वेश आणि तोंडी अस्सल मालवणी. तो वेद चोरणारा राक्षस. पण रंगमंचावर आला की गावच्या पुढाऱ्यापासून समोर बसलेल्या माणसापर्यंत कुणालाही सोडत नाही, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. ज्याची धास्ती घ्यायची त्यालाच आधी पोटभर हसून घ्यायचं, हे रात्रीच्या जत्रेत लहान पोरंही शिकतात. रत्नागिरीकडच्या नमन या लोकनाट्यातही संकासूर आहेच.

दुसरा साचा गाऱ्हाण्याचा. देवासमोर एक जण गावाची सगळी संकटं मोठ्याने मोजतो, ‘इडापीडा टळू दे’ म्हणतो आणि भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ करतात. मनातली भीती चारचौघांत बोलायची ही जागा आहे. म्हणूनच गाऱ्हाण्याचं विडंबन मराठी स्किटमध्ये इतकं चपखल बसतं. त्यात साथीचं नाव घातलं की कुणालाही न दुखावता अफवा, घरगुती काढे आणि सरकारी फतवे एका दमात मोजता येतात.

मालवणी बोली मोठ्या रंगमंचावर रुजवली ती मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने, 1980 मध्ये. मुंबई दूरदर्शन 1972 पासून सुरू होतं आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमात छोटी प्रहसनं होत. पुढे ‘फू बाई फू’, 2014 ला ‘चला हवा येऊ द्या’, 2018 ला ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली आणि चिपळूणच्या ओंकार भोजनेसारख्या नटांमुळे कोकणी सूर घराघरांत गेला.

मला या प्रकाराची एकच कसोटी महत्त्वाची वाटते: हसू कुणावर आहे? घाबरून दार लावून घेणाऱ्यावर, गोमूत्र-काढ्याची खात्री देणाऱ्या शेजाऱ्यावर असेल तर भीती सैल होते. खोकणाऱ्या रुग्णावर किंवा शाळेच्या वर्गात झोपलेल्या चाकरमान्यावर असेल, तर तोच माणूस उद्या लक्षणं लपवतो, आणि रोग वाढतो. अमेरिकेत ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाने 11 एप्रिल 2020 चा भाग कलाकारांच्या घरांतून केला, तेव्हा सूत्रधार होता कोविडमधून नुकताच बरा झालेला टॉम हँक्स. आजारी पडलेला माणूसच कार्यक्रमाचा यजमान झाला, ही निवड फार मोलाची होती.

पण आपल्या पडद्यावर भीती येते ती बहुधा शहराची; गावच्या रोगांची क्वचितच. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) भातलावणीच्या चिखलातून होतो, त्याच्या डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या आरोग्यसेविका दारोदार वाटतात, तरी घरात त्या टाळल्या जातात. 2016 पासून सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसं दगावली. तो गोचिडीमुळे होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. तरीही तापकऱ्याच्या घराकडे लोक फिरकेनासे होतात. काजूच्या बागेत शिरण्याआधी अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल चोळायला नाखूष असलेला म्हातारा आणि त्याच्या मागे लागलेली आशाताई, एवढ्यावर एक उत्तम स्किट उभं राहील. ते मालवणीत व्हावं आणि काजूचा हंगाम लागण्याआधी दाखवावं.