दाढ दुखायची थांबली, गाल मात्र सुजला

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मेथी निवडता निवडता एक मावशी दुसरीला सांगत होत्या, "दाढ ठणकायची थांबली, आता नुसती सूज आहे. आंबेहळद लावली की उतरेल." हे ‘नुसती सूज’ प्रकरण मला धडकी भरवतं.

दाढ ठणकते ती आतल्या जिवंत गरामुळे. किडीतून शिरलेल्या जिवाणूंनी तो गर मारला की ठणका थांबतो, पण जिवाणू तिथेच असतात. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, हाड पोखरतात आणि पू मिळेल त्या वाटेने बाहेर पडतो.

ही वाट कोणती, यात खरी गंमत आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला मायलोहायॉइड नावाचा पातळ स्नायू तिरका चिकटलेला असतो: मागे उंच, पुढे सखल. तोंडाचा तळ म्हणजे हाच स्नायू. पुढच्या दातांच्या मुळांची टोकं त्याच्या वर राहतात, म्हणून तिथला पू जिभेखाली साचतो. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची टोकं बहुधा त्याच्या खाली जातात, त्यामुळे तिथला पू थेट जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला उतरतो. स्नायूची मागची कड मोकळी असल्याने दोन्ही जागा एकमेकींना जोडलेल्या असतात. डाव्या-उजव्या बाजूच्या या दोन्ही जागा भरल्या की जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. अँटिबायोटिकं येण्याआधी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, मग औषध कसं पोचणार? पू काढावाच लागतो. पुढे रूट कॅनाल करायचं की दाढ काढायची, ते डॉक्टर ठरवतात. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडा’ पाडून दाखवणारे अजून भेटतात. पडतात ते बियांचेच तुकडे.

गाल सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दातांचा डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका. जेवताना सुजून नंतर उतरणारी गाठ बहुधा लाळग्रंथीतल्या खड्याची; तीही दाखवा, पण तिची घाई वेगळी.

थुंकी गिळता येत नाही, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, आवाज घोगरा झालाय, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक लागतोय, किंवा सूज चढून डोळा मिटत चाललाय, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखान्याच्या वेळा बघत बसू नका. रात्र असली तरी सरळ सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय. दम लागत असेल तर 108 ला फोन करा आणि पेशंटला आडवं न करता बसवूनच न्या.