रुग्णांची सोडत: आधी कळू नये, नंतर तशीच निघावी

म्हाडाच्या घरांसारखीच औषधचाचणीतही संगणकावर सोडत निघते: नवं औषध कोणाला, जुनं कोणाला. इथे अट मात्र दुहेरी. रुग्ण दाखल करणाऱ्या डॉक्टरला पुढची चिठ्ठी कळता कामा नये, आणि दोन वर्षांनी तपासनीस आला तर त्याच्या संगणकावर हीच यादी अक्षरशः निघायला हवी.

परळच्या एखाद्या ओपीडीत केस पेपरचा नंबर सम की विषम यावर गट पाडले, तर पहिली अट तिथेच मोडते. गट आधीच कळतो, मग अशक्त रुग्णाला ‘उद्या या’ सांगायचा मोह होतो. एक्सेलचं रँड सूत्र दुसरी अट मोडतं. शीटमध्ये काहीही टाइप केलं की आकडे बदलतात, आणि त्याला सीड, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला आकडा, देता येत नाही. नाणेफेकीचा त्रास वेगळाच: 40 जणांत 14-26 किंवा त्याहून वाकडी वाटणी व्हायची शक्यता सुमारे 8 टक्के.

म्हणून ब्लॉक, म्हणजे रुग्णांचे छोटे समतोल संच, करतात. नवं औषध अ, जुनं ब धरलं, तर चारच्या ब्लॉकमध्ये दोन अ, दोन ब. असे क्रम सहाच. पण आकार चारच आहे हे फुटलं आणि कोणाला कोणतं औषध मिळालं हे दिसत असलं, की अ-अ नंतर ब-ब येणार हे वॉर्डबॉयही सांगेल. त्यामुळे 4 आणि 6 चे ब्लॉक मिसळावेत, आणि परळ, शीव अशा प्रत्येक केंद्राची यादी वेगळी काढावी.

आर या संगणकभाषेतलं ब्लॉकरँड पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम, हे फुकटात करतं. त्यात हमखास होणारी चूक एकच: ब्लॉकचा आकार म्हणून 4 आणि 6 भरणं. पॅकेज त्या आकड्याला गटांच्या संख्येने गुणतं, त्यामुळे दोन गटांसाठी 2 आणि 3 भरायचे. नाहीतर ब्लॉक 8 आणि 12 चे होतात. शेवटचा ब्लॉक पूर्ण करायला यादी मागितल्यापेक्षा थोडी लांबते, ती कापू नये.

सीड 123 ठेवू नका, कोणीही ओळखेल. यादी ‘छान’ दिसेपर्यंत सीड बदलत बसणं तर सरळ लबाडी. सीड आणि स्क्रिप्ट, म्हणजे यादी काढणाऱ्या आज्ञा, संख्याशास्त्रज्ञाकडेच राहावी; दाखल करणाऱ्याला रेडकॅपसारख्या, चाचणीची माहिती ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत फक्त बटण दिसावं. सीडशेजारी आरची आवृत्तीही लिहा: 2019 च्या 3.6.0 पासून चिठ्ठ्या काढणाऱ्या सँपल फंक्शनची पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या सीडवर नवी आवृत्ती वेगळीच यादी काढते.